शुद्ध तेल कोणाचे?

जमिनीतून निघालेले खनिज तेल जसेच्या तसे फारसे कुणाच्या उपयोगाचे नसते. त्यात शेकडो हायड्रोकार्बन एकमेकांत मिसळलेले असतात आणि त्यांच्या सोबतीला गंधकाची संयुगे, पाणी, क्षार आणि जड, चिकट द्रव्ये असतात. दिव्याचे रॉकेल, यंत्राचे वंगण, मेणबत्तीचे मेण हे सारे त्या मिश्रणात दडलेले असतेच. माणूस ते तापवून, धुऊन, गोठवून, गाळून वेगळे करतो. तेलशुद्धीकरणाचा सगळा उद्योग या वेगळे करण्यावर उभा आहे, आणि पेटंट कायद्यापुढचा पेचही इथूनच सुरू होतो. एखादा पदार्थ आधीपासून अस्तित्वात होता, पण तो नीट, पुरेसा आणि परवडेल अशा खर्चात वेगळा काढता येत नव्हता. ते करण्याची कृती एखाद्याला सापडली, तर त्याला हक्क कशावर द्यावा? त्या कृतीवर, की त्या कृतीतून बाहेर आलेल्या पदार्थावर?

प्रश्न वकिली काथ्याकुटासारखा दिसतो, पण त्याच्या उत्तरावर एका उद्योगाची घडण अवलंबून असते. हक्क कृतीवर दिला, तर दुसऱ्या कुणालाही वेगळ्या कृतीने तोच पदार्थ काढून बाजारात आणता येतो. हक्क पदार्थावर दिला, तर दुसरी कृती कितीही स्वस्त, सुरक्षित किंवा चांगली असली तरी पेटंटाची मुदत संपेपर्यंत ती निरुपयोगी ठरते. या पुस्तकातले खटले इंग्लंड, अमेरिका, युरोप आणि भारत अशा वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत आणि त्यांच्यात दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. तरीही ते एकापुढे एक ठेवून वाचले की त्यांतून एक सूत्र हाती लागते, आणि तेच या प्रस्तावनेत मांडायचे आहे. हायड्रोकार्बनच्या शुद्धीकरणात पेटंटाचा हक्क शोधकाने नेमक्या शब्दांत वर्णन केलेल्या कृतीपुरता असावा. त्या मर्यादेत तो भक्कम असावा. आणि शुद्ध झालेल्या मालावर त्याने ताबा सांगू नये. जिथे न्यायालयांनी ही रेषा सांभाळली, तिथे शोधकाला मोबदला मिळाला आणि रसायनशास्त्रही पुढे गेले. जिथे ती पुसट झाली, तिथे लढाई प्रयोगशाळेतून बाहेर पडून पैशाच्या बळावर लढली गेली.

सुरुवात जेम्स यंगपासून करायला हवी. ग्लासगोच्या या रसायनज्ञाला १८४७ मध्ये लायन प्लेफेअर याने डर्बीशायरमधल्या रिडिंग्ज इथल्या एका खाणीत तेल झिरपत असल्याचे कळवले. यंगने ते तेल शुद्ध करून दिव्याचे तेल आणि वंगण विकायला सुरुवात केली, पण काही वर्षांतच तो झरा आटत आला. मग त्याने असेच तेल कोळशापासून काढण्याचा मार्ग शोधला आणि १७ ऑक्टोबर १८५० रोजी त्याचे पेटंट घेतले. त्याची कृती सांगायला सोपी होती. कोळसा बंद भांड्यात मंद लाल उष्णतेपर्यंत हळूहळू तापवायचा, म्हणजे वायू कमी आणि तेल जास्त निघते. हे कच्चे तेल ऊर्ध्वपातित करायचे, सल्फ्युरिक आम्लाबरोबर घुसळायचे, मग कॉस्टिक सोड्याने धुवायचे आणि पुन्हा ऊर्ध्वपातित करायचे. आम्लाने डांबरी द्रव्ये आणि अल्कधर्मी अशुद्धी जातात, सोड्याने उरलेले आम्ल आणि आम्लधर्मी अशुद्धी जातात. जड भाग थंड केला की पॅराफिन मेण गोठून वेगळे होते. १८५१ मध्ये एडवर्ड मेल्ड्रम आणि एडवर्ड बिनी यांच्या भागीदारीत स्कॉटलंडमधल्या बाथगेट इथे कारखाना सुरू झाला, आणि यंग त्यातून श्रीमंत झाला. पुढे आफ्रिकेतल्या शोधयात्रांमुळे प्रसिद्ध झालेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या त्याच्या मित्राला त्याने जी आर्थिक मदत केली, ती याच कमाईतून.

पैसा दिसला तसे प्रतिस्पर्धी आले, आणि वेल्समधल्या फ्लिंटशायर इथे तेल काढणाऱ्या फर्नी याच्याविरुद्धचा खटला १८६४ मध्ये लंडनमध्ये व्हाइस चॅन्सेलर स्टुअर्ट यांच्यापुढे उभा राहिला. बचाव पक्षाचा मुद्दा दुबळा नव्हता. कार्ल फॉन रायखेनबाख याने १८३० मध्येच लाकडाच्या डांबरातून पॅराफिन वेगळे केले होते, आणि फ्रान्समध्ये शेल खडकापासून तेल काढण्याचे प्रयत्न झाले होते. मग यंगने नवे काय केले? न्यायालयाचा कौल यंगच्या बाजूने गेला. प्रयोगशाळेत चिमूटभर पदार्थ मिळवणे आणि तो व्यापारी प्रमाणात, परवडेल अशा रीतीने मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट साध्य करणाऱ्याची कृती संरक्षणाला पात्र आहे, हा त्या निकालाचा गाभा. यंग जिंकला तो पॅराफिन हा पदार्थ आपला आहे असे म्हणून नव्हे. तसे म्हटले असते, तर रायखेनबाखच्या एका जुन्या निबंधाने त्याचा दावा कोसळला असता. त्याचा हक्क कोळशावरच्या विशिष्ट कृतीवर होता, म्हणून तो टिकला. आणि कृतीपुरता होता, म्हणूनच १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिल इथे खनिज तेलाची विहीर लागल्यावर तिथल्या तेलाची वाट या पेटंटाला अडवता आली नाही. १८६१ मध्ये एलिझाबेथ वॉट्स हे जहाज फिलाडेल्फियाहून तेलाची पिंपे घेऊन लंडनला गेले. यंगचा हक्क आणि अमेरिकन तेलाची स्पर्धा एकाच वेळी नांदू शकली. शोधकाला मोबदला मिळाला आणि ग्राहकाला पर्यायही मिळाला.

या सूत्राची सर्वांत स्वच्छ मांडणी मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८७६ च्या सत्रात आलेल्या मेरिल विरुद्ध योमन्स या खटल्यात सापडते. जोशुआ मेरिल हा बोस्टनच्या डाउनर कंपनीतला निष्णात तेलतज्ज्ञ. त्या काळी खनिज तेलापासून केलेल्या वंगणाला इतका उग्र दर्प असे की सूतगिरण्या आणि कारखाने चरबीच्या महागड्या तेलालाच चिकटून राहत. मेरिलच्या लक्षात आले की हा वास मुख्यतः हलक्या, बाष्पनशील घटकांचा आहे, आणि बेफाम तापवल्याने जड तेल फुटून तेच घटक पुन्हा पुन्हा तयार होतात. जड तेलाचे विघटन होऊ न देता ते घटक हाकलून लावले, तर मागे जवळजवळ बिनवासाचे तेल उरते. १८६९ मध्ये त्याला पेटंट मिळाले. पण पेटंटाच्या शेवटी, जिथे नेमका हक्क सांगायचा असतो, तिथे त्याने बिनवासाच्या जड तेलाच्या नव्या उत्पादनावर हक्क सांगितला, आणि ते तेल वर्णन केलेल्या रीतीने मिळवलेले असेल असेही म्हटले. प्रतिवादी हे तेल विकत होते, पण ते वेगळ्या कृतीने बनवलेले होते. पेटंट तेलावर असेल तर ते दोषी, कृतीवर असेल तर निर्दोष. सारा खटला एका वाक्याच्या वाचनावर येऊन ठेपला.

न्यायमूर्ती मिलर यांनी निकाल दिला की संपूर्ण पेटंट वाचले असता त्यातून कृतीवरचाच दावा दिसतो, मालावरचा नाही. सबब प्रतिवादींनी हक्कभंग केलेला नाही. त्यांनी दिलेले कारण आजही प्रत्येक पेटंट कार्यालयात लावून ठेवावे असे आहे. आपण काय शोधले आणि कशावर हक्क मागतो, हे स्पष्ट सांगण्याची जबाबदारी शोधकाची आहे, कारण लोकांना काय करायला मोकळीक आहे हे त्याच शब्दांवरून कळते. संदिग्ध शब्द वापरून नंतर सोयीचा अर्थ काढणे म्हणजे लोकांच्या हक्कावर घाला. मेरिलवर हा निकाल कठोर वाटू शकतो, कारण वास घालवण्याची खरी समज त्याचीच होती. पण ती समज म्हणजे कारण ओळखणे आणि त्यावर एक उपाय करणे. उपाय एकच असतो असे नाही. दुसऱ्याने दुसरा उपाय शोधला, तर त्याने मेरिलची मेहनत चोरलेली नाही, स्वतःची मेहनत घातलेली आहे.

आठ वर्षांनी याच न्यायालयाने हाच विचार रंगाच्या धंद्याला लावला. डांबरातून शुद्ध करून काढलेल्या अँथ्रासिन या हायड्रोकार्बनपासून अलिझारिन बनवता येते, हे १८६८ मध्ये बर्लिनमध्ये ग्रेबे आणि लिबरमान यांनी दाखवले. तोपर्यंत हा लाल रंग मंजिष्ठेच्या मुळ्यांतून मिळे आणि त्याची लागवड फ्रान्स-हॉलंडमध्ये मोठ्या प्रमाणावर होई. पुढची सुधारित कृती जर्मनीतल्या बाडिश कंपनीने आणि इंग्लंडमधल्या विल्यम पर्किनने स्वतंत्रपणे शोधली. लंडनमध्ये कंपनीचा अर्ज २५ जून १८६९ रोजी आणि पर्किनचा त्याच्या दुसऱ्या दिवशी दाखल झाला. अमेरिकेत मात्र कंपनीच्या पेटंटात कृत्रिम अलिझारिन, मग ते सांगितलेल्या पद्धतीने बनवलेले असो वा तसाच परिणाम देणाऱ्या अन्य कोणत्याही पद्धतीने, एवढा मोठा पसारा हक्कात ओढला होता. १८८४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. अलिझारिन हा पदार्थ मंजिष्ठेतून आलेला जुना पदार्थ होता. तो नव्या रस्त्याने मिळाला म्हणून नवा होत नाही. नव्या रस्त्याला हक्क मिळेल, जुन्या पदार्थाला नाही.

या रेषेमागचे आर्थिक वास्तव हर्मन फ्राश याच्या कामातून दिसते. १८८५ च्या सुमारास ओहायोतल्या लायमा भागात भरपूर तेल सापडले, पण ते गंधकाने इतके भरलेले होते की त्याच्या रॉकेलने दिव्याची काच काळवंडे आणि घर दुर्गंधीने भरे. कॅनडातल्या ऑन्टारिओत अशाच आंबट तेलावर काम केलेल्या फ्राशने तांब्याच्या ऑक्साइडने गंधक पकडण्याची कृती काढली: गंधक तांब्याशी संयोग पावून सल्फाइड होते, ते भाजले की पुन्हा ऑक्साइड मिळते आणि तेच परत वापरता येते. स्टँडर्ड ऑइलने फ्राशला आणि त्याच्या पेटंटांना आपल्याकडे ओढले, आणि कवडीमोलाने साठवून ठेवलेले लायमाचे तेल मौल्यवान झाले. शुद्धीकरणाच्या एका पेटंटाने एका संपूर्ण तेलक्षेत्राची किंमत ठरवली. आता कल्पना करा की फ्राशला या कृतीऐवजी गंधकमुक्त लायमा रॉकेल या मालावर हक्क मिळाला असता. मग ओहायोतल्या कोणत्याही प्रतिस्पर्ध्याला, त्याची पद्धत कितीही वेगळी असली तरी, आपल्याच जमिनीखालचे तेल शुद्ध करून विकता आले नसते. पुढे तेल गोड करण्याच्या, म्हणजे गंधकामुळे येणारा त्याचा दर्प घालवण्याच्या, अनेक पद्धती निघाल्या, आणि विसाव्या शतकात उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजन वापरून गंधक काढण्याची पद्धत जगभर रूढ झाली. आज मुंबईच्या माहुल-तुर्भे भागातल्या रिफायनऱ्यांत डिझेलमधले गंधक याच मार्गाने काढले जाते.

आता उलट बाजू पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जड तेल तापवून फोडण्याची, म्हणजे क्रॅकिंगची, पद्धत आली. विल्यम बर्टन याने १९१३ मध्ये पेटंट घेतले, आणि काही वर्षांतच एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या शेकडो पेटंटांचे जंगल माजले. चार मोठ्या कंपन्यांनी आपापली पेटंटे एकमेकांना वापरू देऊन रॉयल्टी वाटून घेण्याचे करार केले, आणि अमेरिकी सरकारने हा मक्तेदारीचा कट म्हणून त्यांच्यावर खटला भरला. १९३१ मध्ये न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांची एक कारणमीमांसा आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. क्रॅकिंगने मिळालेले पेट्रोल आणि साध्या ऊर्ध्वपातनाने मिळालेले पेट्रोल बाजारात एकच माल म्हणून विकले जात होते, आणि क्रॅकिंगचे पेट्रोल एकूण उत्पादनाच्या सुमारे २६ टक्केच होते. म्हणून या पेटंटांमुळे पेट्रोलच्या भावावर ताबा मिळाल्याचे सिद्ध होत नव्हते. म्हणजे मक्तेदारीपासून ग्राहकाला वाचवणारी गोष्ट कोणती होती? हक्क कृतीवर होता, आणि तोच माल दुसऱ्या मार्गाने बाजारात येत होता, ही.

तरीही त्याच उद्योगात कृतीचे पेटंट किती ताणले जाऊ शकते, हे युनिव्हर्सल ऑइल प्रॉडक्ट्सच्या खटल्यांत दिसले. ही कंपनी स्वतः तेल विकत नव्हती. डब्स आणि एगलॉफ यांच्या क्रॅकिंगच्या पेटंटांचे परवाने देणे हाच तिचा व्यवसाय. रूट रिफायनिंग या आर्कान्सातल्या छोट्या कंपनीविरुद्ध तिला १९३० च्या दशकात विजय मिळाला. पण त्या अपिलाच्या निकालात लाचेने ढवळाढवळ झाल्याचे पुढे चौकशीत ठरले आणि १९४४ मध्ये तो निकाल रद्द झाला. त्याच वर्षी ग्लोब ऑइलविरुद्धच्या दुसऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डब्सच्या पेटंटाचा भंग झालेला नाही आणि एगलॉफच्या पेटंटात शोध म्हणावे असे काही नाही, या निष्कर्षांवर शिक्कामोर्तब केले. लाचखोरी हा माणसांचा गुन्हा होता, कायद्याचा नव्हे. पण कृतीची हद्द सैल शब्दांत आखली की प्रत्येक रिफायनरी संभाव्य गुन्हेगार ठरते, एकेका निकालावर प्रचंड रक्कम अवलंबून राहते, आणि न्यायालयावर दबाव आणण्याचा मोह वाढतो. नेमकेपणा हा त्यावरचा एक उपाय आहे.

रेषा सांभाळली तर रसायनशास्त्र कसे पुढे जाते, याचा पुरावा झायलिनमध्ये आहे. पॉलिएस्टरच्या धाग्याला लागणारे आम्ल पॅराझायलिनपासून बनते, पण ते मेटाझायलिन आणि ऑर्थोझायलिन या भावंडांबरोबर मिसळूनच मिळते. पॅराझायलिन १३८ अंश सेल्सियसला उकळते आणि मेटाझायलिन १३९ ला, त्यामुळे ऊर्ध्वपातनाने त्यांना वेगळे करणे व्यवहारात अशक्य. गोठण्याचा बिंदू मात्र अगदी वेगळा: पॅराझायलिन सुमारे १३ अंशांना गोठते, मेटाझायलिन उणे ४८ ला. म्हणून आधी गोठवून स्फटिक काढण्याची पद्धत आली. पण तिच्यात बरेच पॅराझायलिन उरलेल्या द्रवातच राहून जाई. १९७० च्या दशकात युनिव्हर्सल ऑइल प्रॉडक्ट्सनेच पॅरेक्स ही पद्धत रूढ केली. तिच्यात झिओलाइटचे कण पॅराझायलिन निवडून धरून ठेवतात. पुढे फ्रान्सच्या पेट्रोलियम संस्थेने एलुक्सिल ही आपली पद्धत आणली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात एन्सिलाइट हा झिओलाइट उत्प्रेरक विकसित केला आणि झायलिनच्या समघटकांचे रूपांतर करण्यासाठी तो बडोद्याच्या इंडियन पेट्रोकेमिकल्समध्ये वापरला गेला. गोठवणाऱ्यांना जर ९९ टक्के शुद्ध पॅराझायलिन या मालावरच हक्क मिळाला असता, तर कणांनी पॅराझायलिन धरून ठेवण्याचे पुढचे तंत्र कुणी कशासाठी विकसित केले असते?

या भूमिकेवर तीन आक्षेप घेतले जातात, आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला असा की कृतीचा हक्क सिद्ध करणेच कठीण. शुद्ध तेलाच्या पिंपावर ते कोणत्या कृतीने शुद्ध केले हे लिहिलेले नसते, आणि प्रतिस्पर्ध्याच्या कारखान्याच्या भिंतीआड काय चालते ते शोधकाला कळत नाही. मालावर हक्क असता, तर पिंप हाच पुरावा. हा आक्षेप खरा आहे, पण त्यावरचे औषध पुराव्याच्या नियमात आहे, हक्क वाढवण्यात नाही. जर्मनीने १८७७ च्या कायद्यात रासायनिक पदार्थांना पेटंट नाकारले, पण १८९१ मध्ये पेटंट मिळालेल्या कृतीतून थेट निघालेल्या मालापर्यंत संरक्षण नेले. अमेरिकेने १९८८ मध्ये परदेशात त्याच कृतीने बनवून आणलेला मालही हक्कभंगात धरला. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारातले कलम ३४ आणि भारतीय पेटंट कायद्यातले कलम १०४-अ ठरावीक परिस्थितीत पुराव्याचे ओझे प्रतिवादीवर टाकतात: माल तोच असेल, त्याच कृतीने बनल्याची दाट शक्यता असेल आणि वाजवी प्रयत्न करूनही शोधकाला कृती कळत नसेल, तर आपली कृती वेगळी आहे हे दाखवण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर येते. यात शोधकाचे रक्षण होते आणि खरोखर वेगळ्या मार्गाने गेलेला माणूसही सुटतो. मालाचा हक्क मात्र त्या दुसऱ्या माणसालाही दोषी ठरवतो.

दुसरा आक्षेप असा की हक्क काटेकोर शब्दांपुरता ठेवला, तर कोणीही एखादा आकडा किंचित बदलून निसटेल. तपमान पाच अंश कमी, आम्लता थोडी जास्त, की झाली वेगळी कृती. याचे उत्तर समतुल्यतेच्या तत्त्वात आहे: बदल नगण्य असेल, तोच परिणाम त्याच रीतीने साधत असेल, तर तो हक्कभंगच. मुंबई उच्च न्यायालयात १९६० च्या दशकात मधुमेहावरच्या टोलब्युटामाइड या औषधावरून हेक्स्ट आणि युनिकेम या औषध कंपन्यांत खटला झाला. युनिकेमचा बचाव असा होता की आपण हाफकिन संस्थेच्या पेटंट घेतलेल्या कृतीने औषध बनवतो. न्यायालयाने तो मान्य न करता हेक्स्टच्या बाजूने निकाल दिला. पण या तत्त्वालाही लगाम हवा. रंग शुद्ध करण्यासाठी पडद्यातून गाळण्याच्या एका कृतीवरचा हिल्टन डेव्हिस खटला १९९७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. पेटंटात द्रावणाचा पीएच सुमारे ६ ते ९ असा होता, आणि प्रतिस्पर्धी ५ वर काम करत होता. न्यायालयाने समतुल्यतेचे तत्त्व कायम ठेवले, पण दोन अटी घातल्या: दाव्यातल्या प्रत्येक घटकाची तुलना स्वतंत्रपणे करावी, आणि पेटंट मिळवताना शोधकाने जी मर्यादा स्वतः घालून घेतली ती नंतर नाकारू नये. म्हणजे काटेकोरपणा आणि न्याय यांना एकमेकांचे वैर नाही, फक्त दोन्ही एकाच वेळी सांभाळावे लागतात.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण. काही वेळा शुद्धता ही नुसती प्रमाणाची गोष्ट राहत नाही. तिने पदार्थाचे गुणच बदलतात. अशुद्ध अर्क रोग्याला अपाय करतो आणि शुद्ध पदार्थ औषध ठरतो. अशा वेळी शुद्ध पदार्थच नवा मानू नये का? अमेरिकेत १९११ मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी शुद्ध केलेल्या अॅड्रेनलिनवरचे पेटंट याच विचाराने मान्य केले. युरोपियन पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने १९९० च्या दशकात ज्ञात संयुग जास्त शुद्ध झाले एवढ्यानेच नवे ठरत नाही असे म्हटले, तर २०१८ मध्ये दुसऱ्या मंडळाने ती शुद्धता आधी खरोखर मिळवता येत होती का हे तपासले पाहिजे अशी भूमिका घेतली. औषधांबाबत हा वाद मोकळा ठेवायला माझी हरकत नाही. पण हायड्रोकार्बनमध्ये शुद्धता बहुतेक नेहमीच एका अखंड श्रेणीवरची पायरी असते: गंधक ५०० भाग, मग ५०, मग १० भाग दर दशलक्ष. प्रत्येक पायरीला नवा पदार्थ मानले, तर नियम कडक करणारे प्रत्येक सरकार नकळत कुणाला तरी मक्तेदारी बहाल करेल. भारत स्टेज सहाचे इंधन म्हणजे गंधकाची १० भागांची मर्यादा. ती गाठण्याच्या कृतीला पेटंट मिळावे. १० भाग गंधक असलेल्या डिझेलला ते मिळाले, तर हवा स्वच्छ करण्याचा सार्वजनिक नियम एका खाजगी परवान्यावर अवलंबून राहील.

भारताच्या कायद्याने हा विचार जितक्या जाणीवपूर्वक केला तितका फार थोड्या देशांनी केला असेल. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालानंतर आलेल्या १९७० च्या पेटंट कायद्याने अन्न, औषधे आणि रासायनिक कृतींनी बनणारे पदार्थ यांना मालाचे पेटंट नाकारले. फक्त कृतीचे पेटंट ठेवले. २००५ मध्ये ट्रिप्स करारामुळे मालाचे पेटंट परत आले, पण कलम ३-ड मध्ये दोन कुंपणे राहिली. ज्ञात पदार्थाचे शुद्ध रूप, परिणामकारकतेच्या दृष्टीने लक्षणीय फरक नसेल तर, तोच पदार्थ मानला जातो. आणि ज्ञात कृतीचा नुसता वापर पेटंटयोग्य नाही, जोवर तिच्यातून नवा पदार्थ निघत नाही किंवा तिच्यात किमान एक नवे अभिकारक वापरले जात नाही. १९७० च्या कायद्याची बाजू घेणारे बरेचदा फक्त स्वस्त औषधांचा दाखला देतात. माझ्या मते त्याचे रासायनिक उद्योगाला झालेले योगदानही तितकेच महत्त्वाचे होते. मालावर कुंपण नव्हते म्हणून भारतीय रसायनतज्ज्ञाला नवी कृती शोधण्याचे कारण उरले, आणि कृती शोधण्याची ती सवय हीच पुढच्या उद्योगाची खरी ठेव ठरली.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. टाकाऊ प्लास्टिक तापवून मिळणाऱ्या तेलात क्लोरिन, सिलिकॉन आणि चटकन चिकट होणारी संयुगे असतात. ते पुन्हा रिफायनरीत घ्यायचे तर आधी स्वच्छ करावे लागते, आणि जगभरच्या कंपन्या त्या कृतींवर पेटंट अर्ज करत आहेत. विमानाच्या जैवइंधनाचीही तीच गोष्ट. पेटंट कार्यालयातल्या परीक्षकापासून रिफायनरीतल्या अभियंत्यापर्यंत प्रत्येकाने असे पेटंट वाचताना आधी शेवटचा भाग, दाव्यांचा, वाचावा आणि पाहावे की तिथे काय केले हे लिहिले आहे, की काय मिळाले एवढेच. काय केले हे नेमके लिहिले असेल, तर त्या शोधकाच्या पाठीशी पूर्ण ताकदीने उभे राहावे, पुराव्याचे नियम त्याच्या बाजूने वापरावेत. काय मिळाले एवढ्यावरच हक्क मागितला असेल, तर तो नाकारावा, कारण तो शोधकाच्या श्रमावरचा हक्क राहत नाही; उद्या तोच माल अधिक स्वस्त आणि स्वच्छ रीतीने काढू शकेल अशा प्रत्येकाला आज अडवण्याचा तो हक्क होतो. पुढची प्रकरणे याच कसोटीवर वाचावीत, आणि जिथे निकालाने ती सोडली आहे तिथे वाचकाने निकालाशी भांडायलाही कचरू नये.